गाण्याआधीचे गाणे

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचे, हे आपण मुलांना सांगतो. पण बँडवर राष्ट्रगीत वाजवायचे असेल तर त्याच्या आधी काय वाजवावे, याचाही नियम आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशानुसार आधी ढोलांचा गजर करायचा. तो किती वेळ? संथ संचलनाची सात पावले होतील इतका. गजर हळू सुरू व्हावा, वाढत जाऊन शक्य तितका मोठा व्हावा, मग पुन्हा उतरावा, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहावा. त्यानंतर एका ठोक्याची शांतता आणि मग राष्ट्रगीत. असे का, याचे कारणही आदेशातच दिलेले आहे. राष्ट्रगीत सुरू होत आहे हे लोकांना कळावे आणि त्यांना उभे राहता यावे, यासाठी हा गजर.

सरकारी कागदात सापडणारी ही बहुधा सर्वांत नेमकी सांगीतिक सूचना असावी. शब्द सुरू होण्याआधी जे वाजते ते कशासाठी असते, याचे उत्तरही तिच्यात आहे. गजर लोकांना सावध करतो, ठोक्यांची चाल कानात बसवतो आणि शेवटच्या एका ठोक्याच्या शांततेमुळे सगळे जण एकाच क्षणी सुरुवात करू शकतात. एक गोष्ट मात्र ढोल देऊ शकत नाही, ती म्हणजे सूर. शाळेच्या प्रार्थनेत ते काम पेटी करते. पेटीवर पहिली ओळ एकदा वाजते आणि मग मुले उचलतात. एक दिवस पेटी न वाजवता प्रार्थना सुरू करून पाहा. पहिल्या दोन-तीन शब्दांत किमान चार वेगवेगळ्या पट्ट्या ऐकू येतील. काही मुले अर्धा शब्द पुढे असतील, काही मागे. दुसऱ्या ओळीपर्यंत सगळी आपोआप एका सुरात येतात, कारण तोवर पहिल्या ओळीनेच पेटीचे काम केलेले असते.

सिनेमाच्या आणि भावगीतांच्या दुनियेत या आरंभीच्या संगीताला वादकमंडळी सरळ ‘इंट्रो’ म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू. काही गाण्यांना इंट्रो मुळीच नसतो, तर काहींचा कित्येक मिनिटे संपत नाही. हा केवळ संगीतकाराच्या लहरीचा प्रश्न आहे, असे वाटते. लहर असतेच. पण तिच्याभोवती एक कुंपणही असते आणि ते बऱ्याचदा भौतिकशास्त्राने घातलेले असते.

त्यासाठी जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीचे गणित करून पाहू. तबकडी दहा इंच व्यासाची, म्हणजे त्रिज्या पाच इंच. कडेचा कोरा भाग आणि मधले लेबल वगळले तर ध्वनिमुद्रणासाठी सुमारे अडीच इंचांचा पट्टा उरतो. खाचेची वळणे एका इंचात ढोबळमानाने १०० बसत, म्हणजे एकूण वळणे झाली २५०. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. २५० भागिले ७८ म्हणजे सुमारे ३.२ मिनिटे, अर्थात ३ मिनिटे १२ सेकंद. वळणे आणखी दाटीने का घातली नाहीत? मोठ्या आवाजाला खाच बाजूला जास्त हेलकावते आणि शेजारच्या खाचेत घुसते. शिवाय जाड पोलादी सुईला रुंद खाच लागे. म्हणून हे तीन मिनिटांचे कुंपण. त्यात ३० सेकंदांचा इंट्रो घातला की तबकडीचा जवळजवळ सहावा हिस्सा खर्ची पडला!

हे कुंपण आपल्याकडे सगळ्यांत जास्त कोणाला जाचले असेल, तर ते रागदारी गाणाऱ्यांना. आपल्या शास्त्रीय संगीतात आरंभाची जागा आलापाची. ध्रुपदाच्या मैफलीत आलाप तासभरही चालतो. त्याला ताल नसतो. गायक एकेक स्वर घेऊन रागाची ओळख करून देतो आणि बंदिश त्यानंतर येते. ख्यालात बंदिश लवकर येते, पण विलंबित एकतालात मात्रा चार सेकंदांची धरली तर १२ मात्रांचे एक आवर्तन ४८ सेकंदांचे होते. म्हणजे संपूर्ण तबकडीवर फक्त चार आवर्तने! १९०२ साली कलकत्त्यात गोहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले तेव्हापासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षे आपल्या गायकांना राग तीन मिनिटांत बसवावा लागला. (त्यातले शेवटचे दोन-तीन सेकंद गोहरजान आपले नाव इंग्रजीत सांगण्यात घालवीत. तबकड्या परदेशात छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना गायिका ओळखता यावी, असे त्याचे कारण सांगतात. हा इंट्रो नव्हे, त्याच्या उलटे काहीतरी.)

तीन मिनिटांत राग मावत नाही, असे मात्र म्हणवत नाही. गोव्यात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर सोनेरी तबकडीवरून अंतराळात गेली. ती साडेतीन मिनिटांचीच आहे. आपण ज्यांना थोर ध्वनिमुद्रणे म्हणतो त्यांतली कितीतरी याच कुंपणात झाली. पण त्यात आलाप आक्रसून गेला, हेही खरे. त्या तबकड्या ऐकून मोठ्या झालेल्या श्रोत्याला मैफलीतला आलाप लांबलेला वाटू लागला असेल, तर त्यात नवल काय?

कुंपण मोडले १९४८ साली. त्या वर्षी अमेरिकेत दीर्घवादी तबकडी, म्हणजे एलपी, आली. व्यास १२ इंच, पट्टा सुमारे सव्वातीन इंच, बारीक सुईमुळे इंचाला सुमारे २२५ वळणे आणि वेग मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे. भागाकार मुलांवर सोपवावा. उत्तर २२ मिनिटांच्या आसपास येते. अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाची एलपी १९५५ साली अमेरिकेत निघाली तेव्हा एका बाजूला एकच राग सलग वाजवता आला. गंमत अशी, की तिच्यावर आलापाच्याही आधी एक इंट्रो आहे आणि तो बोलून केलेला आहे. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी परक्या श्रोत्यांना या संगीताची ओळख त्यात करून दिली आहे.

पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतातले लांबलचक इंट्रो एलपीच्याच काळातले आहेत, हा योगायोग नव्हे. ‘टेम्पटेशन्स’ या गायकवृंदाचे ‘पापा वॉज अ रोलिंग स्टोन’ हे १९७२ सालचे गाणे. त्याच्या एलपीवरील आवृत्तीत पहिला शब्द यायला जवळजवळ चार मिनिटे लागतात. तेवढ्यात ७८ फेऱ्यांची तबकडी वाजून संपली असती! ‘पिंक फ्लॉइड’ने १९७५ साली ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’मध्ये साडेआठ मिनिटांहून अधिक काळ केवळ वाद्ये वाजवली आणि मग गायला सुरुवात केली. वाद्ये एकेक करून येतात, ताल बऱ्याच उशिरा लागतो. आपल्या आलापाची सवय असलेल्या कानाला त्यात काही विचित्र वाटू नये.

(याहून लांब काही हवे असेल तर जर्मनीतल्या हाल्बरश्टाट गावी जावे लागेल. तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये जॉन केज यांची ऑर्गनसाठी लिहिलेली एक रचना शक्य तितक्या संथपणे वाजवणे चालू आहे. ती सन २६४० मध्ये संपायची आहे. सुरुवात ५ सप्टेंबर २००१ रोजी झाली, पण रचनेच्या आरंभी विराम असल्याने पहिला सूर ऐकू आला तो ५ फेब्रुवारी २००३ रोजी. सतरा महिन्यांची शांतता! ते गाणे नव्हे, म्हणून कंसातच ठेवले.)

हिंदी चित्रपटगीतांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे गाण्याला दोन घरे होती. पडद्यावर ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट वेगाने धावते. तिथे नायिकेला जिना उतरून यायला २० सेकंद लागत असतील, तर ३० फूट फिल्मभर वाद्ये वाजत राहू शकतात. तबकडीवर तेवढी उधळपट्टी परवडत नसे. म्हणून तबकडीसाठी गाणे छाटले जाई, नाहीतर दोन बाजूंवर दोन भागांत विभागले जाई. चित्रपटातले आणि तबकडीवरचे गाणे वेगळे का वाटते, या जुन्या रसिकांच्या नेहमीच्या प्रश्नाचे मोठे उत्तर हेच आहे.

या संदर्भात १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याकडे भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने जरूर पाहावे. संगीतकार खेमचंद प्रकाश. मुख्य गाणे लागण्याआधी काही ओळी संथपणे, तालाशिवाय येतात. गाणारी बाई दुरून जवळ येत आहे, असा भास त्यात व्हायला हवा होता. आज हे काम यंत्रावरचे एक बटण करील. तेव्हा काय केले? लता मंगेशकर यांनी सांगितल्याप्रमाणे मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला, त्या लांब कोपऱ्यातून गात गात चालत आल्या आणि मुख्य गाणे सुरू होण्याच्या वेळी मायक्रोफोनपाशी पोचल्या.

यातले विज्ञान असे. गायिकेकडून मायक्रोफोनकडे सरळ जाणाऱ्या ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. समजा, अंतर चार मीटरवरून अर्ध्या मीटरवर आले. अंतर आठपट कमी झाले म्हणजे तीव्रता ६४ पट वाढली, डेसिबलच्या भाषेत १८ डेसिबल. पण केवळ आवाज वाढल्याने ‘जवळ येणे’ वाटत नाही. रेडिओचे बटण फिरवले म्हणून निवेदक आपल्याजवळ सरकल्यासारखा वाटतो का? खरी किमया दुसऱ्या एका ध्वनीची आहे. भिंतींवरून परावर्तित होऊन खोलीभर पसरणारा ध्वनी जवळपास सगळीकडे सारखाच असतो, गायिका कुठेही उभी असली तरी. ती दूर असताना सरळ ध्वनी क्षीण असतो, त्यामुळे परावर्तित ध्वनीचा वाटा मोठा असतो. जवळ आली की सरळ ध्वनी वरचढ होतो. या दोहोंच्या प्रमाणावरून कान अंतर ओळखतो. एक मुलगा स्थिर उभा करून त्याचे डोळे मिटायला सांगावे आणि दुसऱ्याने रिकाम्या वर्गात एकाच आवाजात बोलत मागून पुढे यावे. तोच प्रयोग मोकळ्या मैदानात करावा. मैदानात अंतर ओळखताना मुलाची पंचाईत होते, कारण तिथे भिंती नाहीत.

आता दुसऱ्या टोकाकडे येऊ. बीटल्सचे १९६४ सालचे ‘कान्ट बाय मी लव्ह’ थेट शब्दांनी सुरू होते, इंट्रो शून्य. त्याच वर्षीच्या ‘अ हार्ड डेज नाइट’ला इंट्रो आहे, पण तो अवघा एका झंकाराचा. अनेक स्वर एकदम वाजवून सोडून दिलेले, सुमारे तीन सेकंद घुमणारे. तो झंकार नेमका कोणत्या वाद्यांवर आणि कोणत्या स्वरांचा, यावर वादक मंडळी कित्येक वर्षे वाद घालत होती. २००४ साली कॅनडातील डलहौसी विद्यापीठाचे गणिती जेसन ब्राउन यांनी फूरिए विश्लेषणाने त्यातील कंपनसंख्या वेगळ्या काढल्या आणि त्या केवळ गिटारींनी जमत नाहीत, त्यात पियानोही असला पाहिजे, असा निष्कर्ष काढला. बारावीच्या विद्यार्थ्याला ‘फूरिएचा उपयोग काय?’ असा प्रश्न पडला तर हे उदाहरण हाताशी ठेवावे.

एका झंकारावरून गाणे ओळखता येते, मग एवढा लांब इंट्रो हवाच कशाला? कान खरोखर किती कमी वेळात ओळख पटवतो, याचे मोजमाप शेलेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. लोकप्रिय गाण्यांचे एक दशांश आणि एक पंचमांश सेकंदाचे तुकडे ऐकवून ते कोणत्या गाण्यातले हे यादीतून ओळखायला सांगितले. एक दशांश सेकंदातसुद्धा ऐकणाऱ्यांनी नुसत्या अंदाजाने जितकी बरोबर येतील त्याहून अधिक उत्तरे बरोबर दिली. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. त्याच्या पाचव्या हिश्शात चाल नाही, ताल नाही, शब्द तर नाहीच. मग ओळखले कशावरून? ध्वनीच्या पोतावरून, वाद्यांच्या आणि आवाजाच्या त्या विशिष्ट मिश्रणावरून. तोच तुकडा उलटा वाजवला किंवा त्यातील उच्च कंपनसंख्या गाळून टाकल्या की ओळखण्याचे प्रमाण घसरले. ‘चुरा लिया है’ हे १९७३ सालचे गाणे काचेच्या पेल्याच्या किणकिणाटाने सुरू होते. ते पहिल्याच किणकिणीला ओळखणारे आपल्यापैकी अनेक जण असतील, ते याच बळावर.

तरीही ओळख पटणे वेगळे आणि गाण्यात शिरणे वेगळे. ताल किती वेगाने चालला आहे हे कळायला काही ठोके ऐकावेच लागतात. म्हणून इंट्रो सहसा आवर्तनांच्या पटीत असतो. मिनिटाला १२० ठोके आणि चार ठोक्यांचा एक गट धरला तर चार गटांचा इंट्रो आठ सेकंदांचा आणि आठ गटांचा सोळा सेकंदांचा होतो.

अलीकडे ‘गाण्यांचे इंट्रो आखूड झाले, कारण लोकांना धीर राहिला नाही’ असे सर्रास बोलले आणि लिहिले जाते. यामागे एक खरा अभ्यास आहे. ह्युबर्ट लेव्हेये गोव्हँ या संशोधकाने १९८६ ते २०१५ या तीस वर्षांत अमेरिकेत दर वर्षी पहिल्या दहांत आलेली एकूण ३०३ गाणी तपासली. आवाज लागण्याआधीचा सरासरी काळ सुमारे २३ सेकंदांवरून ५ सेकंदांवर आला होता. घट ७८ टक्के! गाण्यांचा वेगही वाढला होता, सुमारे ८ टक्क्यांनी. घट केवळ वेगामुळे झाली असेल का? २३ ला १.०८ ने भागा. उत्तर २१ सेकंदांच्या वर येते. म्हणजे वेगाने जेमतेम दोन सेकंद खाल्ले, उरलेले सोळा दुसऱ्या कशाने तरी.

कशाने? इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या सेवांकडे बोट दाखवले जाते. स्पॉटिफाय या सेवेत गाणे ३० सेकंद वाजले तरच ते ‘ऐकले’ असे मोजतात आणि पैसे त्यावर ठरतात. २०१४ साली या सेवेतील एका तज्ज्ञाने मांडलेल्या आकडेवारीनुसार सुमारे २४ टक्के वेळा श्रोते पहिल्या पाच सेकंदांतच पुढच्या गाण्यावर जातात. म्हणजे वीस सेकंद वाद्ये वाजवत बसणे धोक्याचे. हा तर्क पटण्यासारखा आहे, पण त्यात एक खोट आहे. ही सेवा युरोपात २००८ साली आणि अमेरिकेत २०११ साली सुरू झाली, तर अभ्यासातली घट तीस वर्षांवर पसरलेली आहे. कारण परिणामाच्या नंतर येऊ शकत नाही. फार तर आधीपासून चाललेल्या घसरणीला या सेवांनी हातभार लावला, एवढेच म्हणता येईल.

दुसरी खोट माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. मोजणी १९८६ पासून का सुरू झाली? त्याआधीची गाणी घेतली असती तर १९६४ चे शून्य सेकंदांचे बीटल्सही त्यात आले असते. कदाचित १९८० नंतरचे दशकच इंट्रोच्या लांबीचे शिखर असेल आणि आपण शिखरावर उभे राहून खाली मोजत असू. पावसाचे आकडे देताना सुरुवातीचे वर्ष अतिवृष्टीचे निवडले की पुढे पाऊस कमी झालेलाच दिसतो, तसे. शिवाय ही गाणी अमेरिकेतली आणि तीही गाजलेलीच. त्यावरून साऱ्या जगाच्या धीराविषयी, आणि विशेषतः आपल्या वर्गातल्या मुलांच्या एकाग्रतेविषयी, निकाल देणे अन्यायाचे आहे. मुले गाणे पाच सेकंदांत बदलतात ते गाणे बदलणे फुकट आणि सोपे झाले म्हणून. चावी भरून, सुई बदलून लावलेली तबकडी आपल्या आजोबांनी पाच सेकंदांत उचलली नाही, यात धीराचा भाग किती आणि कष्टाचा किती?

आणि इंट्रोवर डोळा ठेवणारे पूर्वीही होतेच. अमेरिकेत आकाशवाणी केंद्रांना पाठवायच्या तबकड्यांच्या लेबलावर इंट्रो किती सेकंदांचा हे छापलेले असे. निवेदकाने गाणे सुरू झाल्यावर त्यावर बोलत राहायचे आणि गायकाने तोंड उघडण्याच्या नेमक्या आधी थांबायचे, यासाठी तो आकडा. तिथे लांब इंट्रो ही निवेदकाची सोय होती, तर श्रोत्याची कदाचित गैरसोय.

हे सगळे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक मुलाने घरातल्या मोठ्यांना विचारून १९५०, १९६०, १९७० अशा एकेका दशकातील पाच मराठी किंवा हिंदी गाणी निवडावीत आणि घड्याळ लावून पहिला शब्द येईपर्यंतचा काळ मोजावा. तीस मुलांच्या वर्गात प्रत्येक दशकाची शंभरावर गाणी सहज जमतील. नुसती सरासरी काढू नये, मध्यमानही काढावे. एखाद्या कव्वालीचा दोन मिनिटांचा इंट्रो सरासरीला कसा ओढून नेतो ते लगेच दिसेल. चित्रपटातली आवृत्ती आणि तबकडीवरची आवृत्ती एकाच तक्त्यात मिसळू नये.

मोजायला बसले की वाद होणारच. गायिकेचे नुसते गुणगुणणे आले तर घड्याळ थांबवायचे की नाही? गोव्हँ यांनी आवाज लागेपर्यंतचा काळ आणि गाण्याचे शीर्षक उच्चारले जाईपर्यंतचा काळ असे दोन वेगळे आकडे घेतले होते. ‘महल’च्या गाण्याला हे लावून पाहा. पहिल्या आकड्याप्रमाणे त्याचा इंट्रो चालत येणाऱ्या गायिकेच्या पहिल्या शब्दापाशी संपतो. दुसऱ्याप्रमाणे ती मायक्रोफोनपाशी पोचेपर्यंत चालूच राहतो. तक्त्यात कोणता आकडा लिहायचा, हे वर्गानेच मोजणी सुरू करण्याआधी ठरवावे आणि फळ्यावर लिहून ठेवावे.